खोलीची पावती

गिरणगावाचा इतिहास आजवर बहुतेक मुंबईत बसून लिहिला गेला आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्याचा एक मोठा हिस्सा कोकणातल्या वाड्यांत, ट्रंकांच्या तळाशी राहिलेल्या मनीऑर्डरच्या पावत्यांत आणि जोत्यापर्यंत येऊन थांबलेल्या चिऱ्यांच्या बांधकामांत पडून आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत सत्तरीच्या पुढची अशी माणसे आजही भेटतात, ज्यांना जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या ओरोसपेक्षा लालबाग, काळाचौकी आणि डिलाईल रोडच्या गल्ल्या अधिक पाठ आहेत. माझे वडील त्यांच्यापैकीच एक. काळाचौकीच्या बाजूच्या एका गिरणीत ते साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आणि लालबागच्या एका चाळीत वाडीच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत राहत होते. ती चाळ आता पुनर्विकासाला निघाली आहे. त्या निमित्ताने मंडळाच्या जुन्या वह्या माझ्याकडे आल्या, आणि त्या वाचताना एका शहरी वस्तीचे पुनरुज्जीवन म्हणजे नेमके कशाचे पुनरुज्जीवन, हा प्रश्न सुटा करून पाहावासा वाटला.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, परळ, शिवडी, वरळी या पट्ट्यात धुराड्यांचे रान उठले आणि त्यांना लागणारी माणसे सर्वांत जास्त आली ती तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. घाटावरून आलेलीही कमी नव्हती, पण कोकणाला दोन गोष्टी अनुकूल होत्या, किंवा प्रतिकूल म्हणा. एक म्हणजे कातळावरची तुटपुंजी शेती, एका पावसाचे भात, नाचणी आणि वर खोतीचा जाच. दुसरी म्हणजे आगबोट. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, हर्णे या बंदरांवरून मुंबई जितकी जवळ होती, तितके घाटमाथ्यावरचे कोल्हापूरही जवळ नव्हते. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू व्हायला १९९८ साल उजाडले, म्हणजे गिरण्यांचा खेळ आटोपल्यावर. चाकरमान्यांना तिचा उपयोग झाला तो गणपतीला आणि शिमग्याला येण्यापुरता. कामाला जाण्यासाठी रेल्वे आली तेव्हा जायला गिरणी उरली नव्हती.

मंडळाच्या वहीत खोलीची व्यवस्था तपशिलाने नोंदलेली आहे. खोलीत राहणाऱ्यांची संख्या कधीच वीसच्या खाली गेलेली दिसत नाही, आणि ती दहा बाय बाराची एकच खोली होती. हे शक्य झाले ते गिरणीच्या तीन पाळ्यांमुळे: पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर वळकटी पसरी. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी, आणि उरलेला संसार व्हरांड्यात. जेवण खानावळीत. या खानावळी म्हणजे बहुधा शेजारच्या खोलीतली एखादी कामगाराची बायको किंवा विधवा बाई, जी दहा-पंधरा जणांना दोन वेळ जेवू घाली आणि पगार झाल्यावर पैसे घेई. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधली आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरणगावाबद्दल बोलताना साचे, भोंगे आणि पुढारी यांचीच नावे येतात; पण संपाच्या काळात उधारीवर जेवू घालणारी ही बाई नसती तर कोणताही संप आठवडाभरापलीकडे टिकला नसता, असे माझे वडील म्हणत असत, आणि मला ते पटते.

खोलीच्या वहीत आणखी बरेच काही आहे. आजाऱ्याला गावी पोचवण्याचा खर्च, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, शाळेसाठी पाठवलेले पत्रे, कोणाच्या तरी बहिणीच्या लग्नाला दिलेली उचल, आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात लावलेल्या दशावताराचा जमाखर्च. एका अर्थाने आमच्या वाडीची ग्रामपंचायत तीनशे मैलांवर लालबागमध्येच भरत होती. नव्याने आलेल्या पोराला बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभे कोणी करायचे, जॉबरशी, म्हणजे माणसे कामाला लावणाऱ्या मुकादमाशी, कोणी बोलायचे, हेही खोलीतच ठरे.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाणारे जेव्हा ‘गिरणगावात जात नव्हती’ असे म्हणतात, तेव्हा मला थांबावेसे वाटते. खोली गावाची होती तशीच ती जातीचीही होती. आमच्याच गावच्या दलित वाडीतल्या माणसांची खोली निराळी होती, आणि गिरणीत त्यांना साच्यावर घेत नसत. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. तो धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगार त्यांना विणकाम खात्यात येऊ देत नव्हते, आणि पगार तर विणकाम खात्यातच अधिक. ते त्रासन, म्हणजे सूतकताईच्या, खात्यातच राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी परळच्या बीआयटी चाळीत काढली. म्हणजे हा सारा भेद त्यांनी दोन्ही टोकांना पाहिलेला होता.

बाकी इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो मी भरभर सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. १९०८ साली, रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. पुढे कम्युनिस्टांचा लाल बावटा आला, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला, १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि परळचे राजकारण कुशीवर वळले.

१९८२ च्या संपावर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तो आम्ही गावातून पाहिला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत, १८ जानेवारी १९८२ रोजी, सुमारे अडीच लाख कामगारांनी काम बंद केले. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे मालवणजवळच्या देवबागचे, त्यामुळे आमच्या तालुक्यात त्यांच्याबद्दल एक घरचा अभिमान होता. मागण्या पगाराच्या आणि बोनसच्या होत्या, तशाच १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याविरुद्धही होत्या. त्या कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता, आणि ज्या संघटनेला तो मिळाला होता तिच्यावर बहुसंख्य कामगारांचा विश्वास उरला नव्हता. पगार वाढवणे एखाद्या वेळी मालकांना जमले असते. पण हा कायदा हलवणे सरकारला नको होते, आणि संपाची खरी कोंडी तिथे झाली, असे मागे वळून पाहताना दिसते.

त्या शिमग्याला वडील ट्रंक घेऊनच गावी आले. वाडीतले बहुतेक सगळे चाकरमानी आले होते. संप इतका लांबू शकला तो याच कारणाने: कामगाराच्या पाठीशी भाताची कणगी होती, कलमांची बाग होती, निदान फणसाची दोन झाडे होती. ज्याच्या मागे काहीच नव्हते तो आधी मोडला. आमच्या आजीने मात्र संप या गोष्टीचे मोजमाप एकाच पद्धतीने केले. पोस्टमन पाणंदीत दिसला की ती विचारी, “मनीआर्डर आसा काय रे?” आणि तो मान हलवून पुढे जाई. पहिल्या पावसापर्यंत तिचा प्रश्न चालू होता. नंतर तिने विचारणे सोडले आणि वडिलांनी नांगर हाती घेतला.

हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक कामगार पुन्हा कामावर लागलेच नाहीत, तेरा गिरण्या १९८३ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या आणि बाकीच्या एकेक करून मरत गेल्या. वाडीतले जे चिरेबंदी घर त्या वर्षी बांधायला घेतले होते, ते जोत्यावरच राहिले. चाळींमध्ये उरलेल्या तरुण पोरांपैकी काहींना टोळ्यांनी जवळ केले; ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत लालबाग-भायखळ्याची नावे वर्तमानपत्रांत येत ती गोळीबाराच्या बातम्यांत. गावाकडे त्याचा परिणाम असा झाला की पूर्वी दहावी झालेल्या पोराला खोलीवर पाठवायला उतावीळ असलेल्या आया आता त्याला गोव्याला पाठवू लागल्या. डॉ. सामंतांचा खून १६ जानेवारी १९९७ रोजी झाला.

आता जमिनीकडे येतो, कारण पुनरुज्जीवन सुरू झाले ते जमिनीपासून. मध्य मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरवले की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा असेल तर तिचे साधारण तीन वाटे पडतील: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. नियम म्हणून तो समंजस होता. मालकांना मात्र दोन वाटे सोडणे परवडण्यासारखे वाटले नाही, आणि बहुतेकांनी थांबणे पसंत केले. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये या सगळ्या जमिनीचा एकत्रित विचार करून आराखडा सुचवला. तो कागदावर राहिला. मग २००१ मध्ये नियमातली एक व्याख्या बदलली. वाटे पडायचे ते सगळ्या जमिनीचे नाहीत, तर ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीचे. गिरणी म्हणजे मुळात शेडच शेड. मोकळी जमीन कितीशी असणार? एका दुरुस्तीने शहराचा आणि म्हाडाचा वाटा आटून गेला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ही दुरुस्ती मोडून काढणारा अर्थ लावला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्याही होत्या. या विक्रीच्या पैशातून कामगारांची थकलेली देणी भागली, हेही नोंदवले पाहिजे. कित्येक घरांत त्या पैशावर मुलींची लग्ने झाली आणि चिऱ्यांच्या भिंतींवर कौले चढली.

जे उभे राहिले ते चकचकीत आहे. मॉल, कार्यालयांचे मनोरे, पन्नास-साठ मजल्यांची घरे. पण वस्ती कशी चालत होती याचा विचार करणारे कोणी त्या आराखड्यांशेजारी बसले होते असे दिसत नाही. गिरणी कामगार चालत कामावर जात असे आणि पाळ्या तीन असल्याने रस्त्यावरची गर्दी दिवसभरात विभागली जाई. म्हणून लोकलच्या स्थानकांवर अरुंद पूल असले तरी भागत होते. त्याच जमिनीवर कार्यालये आली तेव्हा त्यांतली माणसे विरार-कल्याणहून, आणि सगळी एकाच वेळी, येऊ लागली. पूल मात्र तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्यानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल बांधून घेतला गेला. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. या दोन घटनांना मी अपघात म्हणत नाही. एका रचनेच्या जागी दुसरी रचना आणताना मधले सांधे कोणी मोजले नव्हते, त्याचा हा परिणाम होता.

आणि माणसे कुठे गेली? २००१ आणि २०११ च्या जनगणना शेजारी शेजारी ठेवल्या की एक विलक्षण गोष्ट दिसते. या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेतेहतीस लाखांच्या आसपासवरून एकतीस लाखांच्या खाली आली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या जवळजवळ पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची दोन टक्क्यांहून थोडी अधिक घटली. म्हणजे ज्या दोन टोकांमध्ये शंभर वर्षे माणसे ये-जा करत होती, ती दोन्ही टोके एकदमच रिकामी होत होती, आणि मधले नालासोपारा, डोंबिवली, दिवा, बदलापूर फुगत होते. गणपतीच्या गर्दीतून दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी पाहिली की आकडे न वाचताही हे कळते. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा काही लोक स्त्रियांच्या सन्मानाची खूण म्हणून सांगतात, तेव्हा मला हसू येते. तो फक्त बाहेर गेलेल्या पुरुषांचा हिशेब आहे.

गिरणी कामगारांना घरे मिळाली नाहीत असे नाही. म्हाडाने २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत काढली, पुढे आणखी दोन मोठ्या सोडती झाल्या. घर २२५ चौरस फुटांचे, अर्ज मात्र दीड लाखाहून अधिक. पनवेलजवळच्या कोन इथल्या घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली; ती घरे ताब्यात जायच्या आधीच करोना आला, तिथे विलगीकरण केंद्र झाले, आणि नंतर नादुरुस्त घरे दुरुस्त होण्याची वाट पाहण्यात लाभार्थ्यांची आणखी वर्षे गेली. आता शेलू आणि वांगणी ही नावे ऐकू येतात, आणि म्हातारे कामगार आझाद मैदानात बसून ‘मुंबईतच घर हवे’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला तो हट्ट वाटतो. मला वाटत नाही, कारण त्यांची मागणी मुळात छपराची नाही, त्या जागेवरच्या हक्काची आहे. एवढे मात्र खरे की मागणारे दरवर्षी कमी होत आहेत.

या सगळ्यात ज्याला मी मनापासून बरे म्हणेन असे काम बीडीडी चाळींचे आहे. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे दोनशेहून अधिक इमारती बांधल्या; प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने त्या बाजूला पडल्या, पण बाकीच्या तीन ठिकाणच्या रहिवाशांना त्याच आवारात ५०० चौरस फुटांचे घर द्यायचे ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. एकूण साडेपंधरा हजारांच्या घरात गाळे व्हायचे आहेत. लिफ्टचा, पंपाचा आणि रंगरंगोटीचा खर्च पुढच्या काळात कोण सोसणार, हा प्रश्न आहेच. तरीही शेजार जसाच्या तसा उचलून चाळीसाव्या मजल्यापर्यंत नेता येतो, एवढे तरी या कामाने दाखवले.

आमच्या खोलीचे प्रकरण याहून अडचणीचे आहे. चाळ खासगी मालकीची, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी), पागडीची. नियमाप्रमाणे भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. पण भाडेकरू कोण? मंडळाच्या नावाने पावती फाडायला घरमालक तयार नव्हता, म्हणून वाडीने सर्वानुमते विश्वासातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या नावाने ती करून घेतली. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या गेले, त्यांचा मुलगाही गेला, आणि पात्रतेच्या यादीत आता त्यांच्या नातीचे नाव लागते. ती नालासोपाऱ्याला राहते आणि या खोलीत तिने कधी पाऊल ठेवलेले नाही. अर्जावर रकाने आहेत ते भाडेकरूचे नाव, वारसाचे नाव, क्षेत्रफळ, वीजबिल. ज्या ऐंशी माणसांनी पन्नास वर्षे महिन्याच्या महिन्याला भाड्याची वर्गणी भरली, त्यांच्यासाठी रकाना नाही. वकिलांना वह्या दाखवल्या; त्यांनी कौतुकाने पाने उलटली आणि सांगितले की याने भाडेकरार सिद्ध होत नाही.

तात्यांच्या नातीने लबाडी केली असती तर गोष्ट सोपी झाली असती. ती गणपतीत स्वतः गावी आली, देवळाच्या ओसरीवर सभेला बसली आणि म्हणाली की खोली वाडीची आहे हे मला आजोबांनी सांगितले होते. फक्त घर माझ्या नावावर झाल्यावर त्याचा कर, देखभाल आणि उद्या माझ्या मुलांचा हक्क याचे काय, ते तुम्ही लिहून द्या. हे बोलणे रास्त होते. सभेत दोन तट पडले. तरुणांचे म्हणणे, घर विकून पैसे वाटून टाकावेत किंवा शाळेला द्यावेत. आता मुंबईला खोलीवर राहायला जाते कोण? म्हाताऱ्यांनी त्यावर खोलीची नोंदवही पुढे केली. गेल्या काही वर्षांत तिथे जे राहिले ते कामाला गेलेले नाहीत, आजारी आहेत. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून पुढे पाठवलेले, परळच्या टाटा रुग्णालयात किरणोपचार घेणारे, केईएममध्ये तारखेची वाट पाहणारे, आणि त्यांच्याबरोबर आलेली बायको किंवा भाऊ. गिरणी संपली, पण परळची ही दोन रुग्णालये आहेत तोवर वाडीला लालबागची खोली लागणार आहे, हा त्यांचा मुद्दा कोणालाच खोडता आला नाही.

नवी इमारत होईपर्यंत खोलीही नाही. संक्रमण शिबिराऐवजी मिळणारे भाडे नातीच्या खात्यात जमा होते आणि ती ते परस्पर मंडळाकडे पाठवते. दरम्यान एक करारनामा लिहायला घेतला आहे. घर नातीच्या नावावर राहील, वाडीतल्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिथे राहता येईल, जातीचा प्रश्न कोणी काढायचा नाही आणि दलित वाडीलाही तोच हक्क राहील, इतके ठरले. शेवटच्या कलमावर अपेक्षेपेक्षा कमी वाद झाला. अडले आहे ते देखभालीच्या वर्गणीपाशी. ती घरटी धरावी तर वाडीतली निम्मी घरे बंद आहेत, माणशी धरावी तर कमावती माणसे गोव्यात, पुण्यात आणि दिव्यात विखुरलेली. पुढची सभा शिमग्याला ठेवली आहे, आणि तोवर मुंबई परिसरातल्या वाडीकरांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.